बोलत नाही, हाक मारली तर बघत नाही: थांबावं की तपासावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा २ वर्षे ४ महिन्यांचा. चालणं-पळणं वेळेवर झालं. ‘आई’, ‘पाणी’ म्हणत नाही, पण एबीसीडी आणि १ ते २० आकडे इंग्रजीत घडाघडा म्हणतो. नावाने हाक मारली तर वळून बघत नाही. बिस्किटचा पुडा फोडला की मात्र दुसऱ्या खोलीतून धावत येतो. काही हवं असेल तर बोटाने दाखवत नाही, डोळ्यांकडे न बघता आईचं मनगट धरून तिथे ओढत नेतो. मोबाइल काढून घेतला की जमिनीवर डोकं आपटतो. सासूबाई म्हणतात, याचा बापही तीन वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता. एका डॉक्टरांनी सांगितलं, शाळेत गेला की बोलेल. कुटुंब तालुक्याच्या गावी राहतं. आई विचारते, थांबू का?

थांबू नका. घाबरूनही जाऊ नका, कारण पुढच्या आठवड्यात करायच्या बहुतेक गोष्टी घरातच करायच्या आहेत आणि त्यांना निदानाचा कागद लागत नाही.

तुम्ही पहिली तक्रार बोलण्याची केली आहे. पण शब्द न येणं हे एकटं असतं, तर काळजी बरीच कमी असती. दोन वर्षांची काही मुलं उशिरा बोलतात आणि पुढे भरून काढतात. त्या मुलांमध्ये बाकी सगळं जागेवर असतं. ‘चप्पल आण’ म्हटलं की ती आणतात, हवं ते बोटाने दाखवतात, आकाशात विमान दिसलं तर आधी विमानाकडे बोट आणि मग तुमच्या तोंडाकडे बघतात, बाहुलीला खोटं खोटं जेवू घालतात. तुमच्या वर्णनात यातलं काहीच नाही. हाकेला वळणं नाही, बोट नाही, हात मात्र ओढला जातो. मूल तुमचा हात वापरतं पण तुमच्या डोळ्यांकडे बघत नाही, हा शब्दांच्याही आधीचा, माणसाशी संवाद साधण्याचा प्रश्न आहे. असं चित्र ऑटिझममध्ये, म्हणजे मेंदूची घडण वेगळी असल्यामुळे संवाद आणि वागणं वेगळं असण्यात, दिसतं; म्हणून ती शक्यता तपासायला हवी. पाठ झालेले आकडे त्यावर उतारा ठरत नाहीत. ‘ट्वेंटी’ म्हणणारं मूल तहान लागल्यावर ‘पाणी’ म्हणत नसेल, तर ते मोबाइलमधला आवाज परत वाजवतं आहे, त्याचं बोलणं अजून सुरू व्हायचं आहे.

वयाचे टप्पे लक्षात असू द्या. दोन महिन्यांच्या सुमारास मूल माणसाकडे बघून हसतं. नवव्या महिन्याच्या आसपास नावाला वळतं. बाराव्या महिन्यापर्यंत ‘बाबाबा-दादादा’ अशी बडबड आणि टाटा करणं, हात पुढे करणं अशा खुणा येतात. १६ महिन्यांपर्यंत एखादा अर्थाचा शब्द, २४ महिन्यांपर्यंत ‘आई ये’, ‘दूध दे’ असे स्वतःहून जोडलेले दोन शब्द. यातला टप्पा चुकला तर तपासणी करायची, वाट बघायची नाही. आणि एक गोष्ट कोणत्याही वयाला लागू आहे. आधी येत असलेले शब्द, हसणं किंवा टाटा करणं बंद पडलं, तर त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे जा. अशा वेळी फिट येत आहेत का, हेही बघावं लागतं. मधेच काही सेकंद टक लावून थिजणं, सलग झटके देत पुढे झुकणं असं दिसलं तर मोबाइलवर चित्रण करून दाखवा. ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींची नोंद, अशाच मुलांसाठी असते. उशिरा बोलणाऱ्या प्रत्येक मुलाचा ईईजी आणि एमआरआय काढायची गरज नसते.

वडील उशिरा बोलले होते, हा दिलासा का धरायचा नाही, तेही सांगते. बोलण्यातला उशीर आणि ऑटिझम, दोन्ही घराण्यात चालतात. वडिलांचा इतिहास डॉक्टरांना जरूर सांगा, पण तो तपासणी लवकर करण्याचं कारण आहे, पुढे ढकलण्याचं नव्हे. तुमचं लग्न मामेभाऊ-आतेबहीण अशा नात्यात झालं असेल तर तेही सांगा. ऐकू न येणं आणि काही आनुवंशिक आजार अशा नात्यात जास्त आढळतात.

सगळ्यात आधी कान

बिस्किटाच्या पुड्याला धावतो म्हणजे कान ठीक आहेत, असं समजू नका. दार आपटल्याचा, ताशाचा आवाज ऐकणाऱ्या मुलालाही बोलण्यातले बारीक आवाज, विशेषतः स, श, फ, अर्धवट ऐकू येत असू शकतात. सर्दीनंतर पडद्यामागे पाणी साचलं तरी ऐकणं कमी होतं. जन्मानंतर केलेली ओएई ही कानाची प्राथमिक चाचणी ‘पास’ असली तरी ती पुरेशी नाही, कारण काही मुलांचा श्रवणदोष नंतर सुरू होतो आणि कानातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेचा दोष ओएईत दिसतच नाही. म्हणून या वयात बेरा (आवाज कानातून मेंदूपर्यंत पोहोचतो का ते बघणारी चाचणी) आणि टिम्पॅनोमेट्री (पडदा आणि त्यामागचं पाणी तपासणारी चाचणी), दोन्ही करून घ्या. सोय जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात मिळते. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कामासाठी आहे.

बेरा गाढ झोपेत करतात आणि बऱ्याच फेऱ्या इथेच वाया जातात. मूल एसटीत किंवा रिक्षात झोपतं आणि रुग्णालयात टक्क जागं होतं. त्या दिवशी त्याला पहाटे लवकर उठवा, वाटेत झोपू देऊ नका, वेळ दुपारच्या झोपेची मागून घ्या. आदल्या रात्री डोक्याला तेल लावू नका. कपाळावर आणि कानामागे इलेक्ट्रोड चिकटवतात, तेलकट त्वचेवर ते टिकत नाहीत. सर्दी असेल तर आधी फोन करून विचारा. झोपेचं औषध द्यायचं असेल तर ते तिथेच, डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यायचं; किती तास उपाशी ठेवायचं हे त्यांना विचारून घ्या आणि घरून स्वतःच्या मनाने काही देऊ नका.

ऐकू न येणारं मूल आणि ऑटिझमचं मूल यांत एक फरक घरीही जाणवतो. कमी ऐकणारं मूल तुमच्या तोंडाकडे फार बघतं, हातवारे भरपूर करतं, खुणेने भांडतं सुद्धा. ऑटिझममध्ये शब्द कमी असतातच, शिवाय खुणाही कमी असतात. हा फरक चाचणीला पर्याय नाही. दोन्ही एकत्रही असू शकतात.

वीस प्रश्न आणि ते कसे सोडवायचे

ऑटिझमची शक्यता चाळून बघायला १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट-आर नावाची २० प्रश्नांची यादी वापरतात. तुमचा मुलगा २८ महिन्यांचा आहे, म्हणजे ही वेळ निघून जाण्याआधी ती भरून घ्या. उत्तरं फक्त हो किंवा नाही. १७ प्रश्नांत ‘नाही’ला एक गुण, आणि २, ५, १२ या तीन प्रश्नांत ‘हो’ला एक गुण. एकूण ० ते २ आले तर धोका कमी, ३ ते ७ आले तर त्याच प्रश्नांवर सविस्तर मुलाखत, ८ किंवा जास्त आले तर थेट तज्ज्ञांकडे. मुलाखतीनंतरही २ किंवा जास्त गुण उरले तर पुढे पाठवायचंच.

ही यादी भरताना घरची माणसं एक चूक हमखास करतात. मुलाने कधीतरी एकदा केलेली गोष्ट आठवून ‘हो’ लिहितात. नियम असा आहे की एरवी सहसा करत असेल तरच ‘हो’. एक-दोनदाच दिसलं असेल तर ‘नाही’. नावाला प्रतिसाद तपासतानाही असंच होतं. टाळ्या वाजवून, चॉकलेट दाखवून, पाचव्यांदा ओरडून हाक मारली आणि मूल वळलं की ‘बघा, कळतं त्याला’. तसं नको. टीव्ही बंद करा, तो साधं काही खेळत असताना पाठीमागे पाच-सहा फुटांवर बसा, नेहमीच्या आवाजात एकदा हाक मारा. दिवसातून तीन वेगवेगळ्या वेळी करा आणि लिहून ठेवा.

गुण जास्त आले म्हणजे ऑटिझम ठरला असं नाही. यादी फक्त कोणाला नीट तपासायचं ते सांगते. जास्त गुण आलेल्या बऱ्याच मुलांमध्ये शेवटी वाढीतला दुसरा काही उशीर निघतो, आणि त्यालाही मदत लागतेच. उलट यादीत कमी गुण आले पण तुमच्या मनाला खटकतं आहे, तर तुमचं मन ऐका.

कुठे जायचं

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्याचं फिरतं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. अंगणवाडी ताईंना मुलाचं नाव नोंदवायला सांगा, पण पथक येईपर्यंत घरी बसू नका. तालुक्याच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात विचारून जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीची, म्हणजे लवकर हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी घ्या. तिथे बालरोगतज्ज्ञ, वाचा व श्रवणतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, मानसशास्त्रज्ञ एका छताखाली असणं अपेक्षित असतं आणि सेवा मोफत असते. काही जिल्ह्यांत पदं रिकामी असतात. म्हणून निघण्यापूर्वी कोण कोणत्या वारी बसतं हे फोनवर विचारा. खासगीत जायचं असेल तर बाल विकास तज्ज्ञ किंवा बाल मनोविकार तज्ज्ञ शोधा. नुसती ‘थेरपी सेंटर’ची पाटी पुरेशी नाही.

जाताना मोबाइलवर दोन-दोन मिनिटांची चार चित्रणं न्या: एकटा खेळताना, दुसऱ्या मुलांमध्ये, जेवताना, आणि पाठीमागून हाक मारल्यावर. अनोळखी खोलीत मूल रडत असतं आणि तज्ज्ञांना त्याचं खरं वागणं दिसतच नाही. सोबत जन्माची फाइल, बाळ जन्मल्यावर रडलं होतं का, काविळीसाठी दिव्याखाली ठेवलं होतं का, वजन किती होतं, कधी बसलं, कधी चाललं, हे एका कागदावर.

ऑटिझमचं निदान रक्ताने किंवा स्कॅनने होत नाही. बघून, खेळून, विचारून होतं. दोन गोष्टी एकत्र लागतात: माणसांशी संवादातली अडचण, आणि तेच-ते करण्याचा ओढा किंवा आवाज, स्पर्श, प्रकाश यांबद्दल वेगळी संवेदना. चाकं फिरवत राहणं, वस्तू ओळीत लावणं, हात फडफडवणं, चवड्यांवर चालणं, मिक्सरच्या आवाजाला कान झाकणं, ठरावीकच पदार्थ खाणं. यातलं काय दिसतं ते आठवून ठेवा. रक्त तपासतात ते सोबतच्या गोष्टींसाठी. दिवसभर बाटलीने दूध पिणाऱ्या मुलात लोह बऱ्याचदा कमी असतं, म्हणून हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) बघतात; माती, भिंतीचा पोपडा खात असेल तर ते नक्की सांगा. दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत आणा.

‘खूप चंचल आहे, एका जागी बसत नाही’ म्हणून एडीएचडीचा (अतिचंचलता आणि लक्ष न टिकण्याच्या विकाराचा) शिक्का या वयात मारून घेऊ नका. अडीच वर्षांचं मूल चंचल असतंच.

घरात आजपासून

तारीख मिळायला आठवडे लागतील. तेवढ्या काळात रोज दहा-दहा मिनिटं, दिवसातून पाच-सहा वेळा, हे काम करा. वेगळी खेळणी नकोत. जेवण, अंघोळ, कपडे, झोका, हे रोजचे प्रसंगच पुरतात.

मुलासमोर त्याच्या उंचीला या. तो खाली बसला असेल तर तुम्ही चटईवर पालथ्या झोपा, पण चेहरा समोर हवा, मांडीत पाठमोरा नको. पहिल्या दोन मिनिटांत काहीही शिकवू नका. तो डबा आपटतो, तुम्ही दुसरा डबा आपटा. तो थांबला, तुम्ही थांबा. बहुतेक मुलं या ठिकाणी पहिल्यांदा वर बघतात. ते बघणं हाच पहिला टप्पा आहे.

मग मागायला लावणारा प्रसंग तयार करा. पारदर्शक, घट्ट झाकणाच्या बरणीत त्याला आवडणारे चुरमुरे ठेवा आणि बरणी त्याच्या हातात द्या. त्याला उघडणार नाही. तो तुमचा हात ओढून झाकणावर ठेवेल. लगेच उघडू नका. तोंड त्याच्यासमोर आणून मनात पाच आकडे मोजा. डोळ्यांत बघितलं, आवाज काढला, बरणी पुढे केली, काहीही केलं तरी ‘उघड’ म्हणत उघडा आणि चार-पाचच चुरमुरे द्या. संपले की पुन्हा तेच. एका बैठकीत आठ-दहा वेळा होतं. दोन-तीन दिवसांनी, त्याने हात ओढला की त्याचीच तर्जनी हलकेच सरळ करून बरणीला लावा, ‘दे’ म्हणा आणि त्याच क्षणी द्या. हळूहळू तुमची मदत कमी करा: आधी बोट धरून, मग कोपराला नुसता स्पर्श, मग फक्त थांबून बघणं.

इथे बिघडतं ते एकाच कारणाने. ‘दे म्हण, मग देते’ असा हट्ट धरला जातो. ज्याला शब्द काढताच येत नाही त्याच्यासाठी ही शिक्षा होते, तो रडतो आणि बरणीपासूनच पळतो. बोट आलं की देऊन टाका. शब्द तुम्ही म्हणा. दुसरी चूक म्हणजे प्रश्नांचा भडिमार, ‘हे काय आहे? काऊ कुठे आहे? कलर कोणता?’ एका प्रश्नामागे निदान चार साधी वाक्यं तुमची असू द्या, आणि तीही एक-दोन शब्दांची. तो एकही शब्द बोलत नाही, तर तुम्ही ‘पाणी’, ‘वर’, ‘अजून’, ‘संपलं’ असं एकेका शब्दात बोला. तो एक शब्द बोलू लागला की तुम्ही दोन. झोका देताना ‘एक... दोन...’ म्हणून झोका धरून ठेवा आणि वाट बघा. अंघोळीत पाण्याचा मग डोक्याच्या वर नेऊन थांबा. ओळखीचं बडबडगीत शेवटच्या शब्दाआधी तोडा. सगळीकडे युक्ती तीच आहे: आवडीची गोष्ट सुरू करायची, मध्येच थांबायचं, त्याच्याकडून काहीतरी यायची जागा सोडायची.

घरात मराठी चालत असेल तर मराठीतच बोला. इंग्रजी शाळेची तयारी म्हणून ‘वॉटर घे’, ‘शूज घाल’ अशी खिचडी करायची गरज नाही. दोन भाषा ऐकल्यामुळे ऑटिझम होत नाही, पण आईने स्वतःच्या भाषेत बोलणं सोडलं तर बोलण्यातला जिवंतपणा जातो.

चित्रांचे पत्ते लवकर सुरू करा. पाण्याचा पेला, पोळी, झोका, शी, बाहेर जाणं, यांचे तुमच्याच घरातल्या वस्तूंचे फोटो काढून, छापून, लॅमिनेट करून भिंतीवर त्याच्या हाताला येतील असे लावा. तो पत्ता आणून देईल, तुम्ही शब्द म्हणून वस्तू द्या. चित्रांमुळे मूल बोलायचं थांबतं ही भीती निराधार आहे. मागणी समजली जाते हे कळलं की चिडचिड कमी होते आणि आवाज काढायला मूल मोकळं होतं.

मोबाइल

भारतीय बालरोग अकादमीचा सल्ला दोन वर्षांखाली स्क्रीन अजिबात नको, दोन ते पाच वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, असा आहे. बोलत नसलेल्या मुलाला माझ्या मते तो एक तासही नको. पण ‘व्हर्च्युअल ऑटिझम’ या नावाने जे चालतं, की मोबाइल बंद करा आणि सगळं बरं होईल, त्याच्या भरवशावर तपासणी लांबवू नका. ते मान्यताप्राप्त निदान नाही. स्क्रीन काढल्यावर काही मुलं महिन्याभरात झपाट्याने सुधारतात, काही नाही. दोन्ही बाजूंनी काम एकदमच सुरू करा.

काढताना क्रम ठेवा. आधी जेवणातून काढा, कारण मोबाइलसमोर मूल भूक न कळता गिळत असतं. पहिले चार-पाच दिवस कमी खाईल. निरोगी मूल तेवढ्याने उपाशी राहत नाही. वजन आधीच कमी असेल तर डॉक्टरांना विचारून करा. मग झोपायच्या आधीचा, मग उरलेला. घरातले सगळे फोन त्याच्या नजरेआड हवेत. आजोबांच्या खिशातला एक फोन सुरू राहिला तर बाकीच्यांची मेहनत वाया जाते. रिकामा झालेला वेळ वरच्या खेळांनी भरा, नाहीतर रडणं भरेल.

डोकं आपटणं

यावर ओरडणं, मारणं किंवा लगेच हवं ते देणं, तिन्ही चुकतात. आधी आठवडाभर लिहा. वहीत तीन रकाने: आधी काय झालं, त्याने काय केलं, नंतर काय झालं. तुमच्या घरातली नोंद बहुधा अशी येईल. संध्याकाळी ६ वाजून १० मिनिटं. आधी: आजोबांनी फोन घेतला. त्याने: डोकं जमिनीवर आपटलं, चार मिनिटं. नंतर: फोन परत दिला. अशा पाच-सहा नोंदी झाल्या की वागण्याचं कारण कागदावर दिसतं. कारणं साधारण चार असतात: काहीतरी मिळवणं, काहीतरी टाळणं, कोणाचं लक्ष वेधणं, किंवा ते करताना शरीराला मिळणारी संवेदना. कारण बदललं की उपायही बदलतो. फोनसाठी आपटणाऱ्याला फोन मिळता कामा नये. पण गर्दीत, आवाजात आपटणाऱ्याला तिथून बाहेर न्यायलाच हवं. तिथे ‘लाड नकोत’ म्हणून बसवणं हा छळ होतो. रिकामा असताना, कोणी नसतानाही आपटत असेल किंवा अचानक सुरू झालं असेल तर कानदुखी, दातदुखी, बद्धकोष्ठ तपासून घ्या. बोलता न येणारं मूल दुखणं असंही सांगतं.

तुमच्या बाबतीत कारण फोन दिसतं. म्हणून फोन मिळणार नाही हे एकदा ठरलं की ठरलं. डोक्याखाली उशी किंवा तुमचा तळहात, चेहरा शांत, शब्द कमी, समजूत नको. शांत झाल्याबरोबर जवळ घ्या आणि आवडतं दुसरं काही द्या. पहिले काही दिवस आपटणं वाढेल, कारण पूर्वी चालत असलेला उपाय आता चालत नाही म्हणून तो जोर लावून बघेल. पाचव्या दिवशी विसाव्या मिनिटाला कोणी कळवळून फोन दिला, तर वीस मिनिटं आपटावं लागतं हे तो शिकेल. म्हणून सुरू करण्याआधी सासूबाई-सासऱ्यांना बसवून हे समजावा. आणि सोबतच मागण्याची दुसरी रीत शिकवा, वर सांगितलेलं बोट किंवा पत्ता. वागणं नुसतं बंद करता येत नाही, त्याच्या जागी दुसरं काहीतरी द्यावं लागतं. बदल होण्याआधी वस्तू दाखवा: अंघोळीआधी टॉवेल, बाहेर जाण्याआधी चप्पल. तोंडी सूचना त्याच्यापर्यंत पोहोचतेच असं नाही.

थेरपी निवडताना

वाचा उपचारतज्ज्ञ आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं आणि संवेदना यांवर काम करणारे) बहुधा दोघंही लागतील. वाचातज्ज्ञ किंवा विशेष शिक्षकाला भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. विचारण्यात संकोच नको. तीन महिन्यांची उद्दिष्टं लिहून मागा, आणि ती मोजता येतील अशी हवीत. ‘संवाद सुधारणे’ हे उद्दिष्ट नव्हे. ‘मदतीशिवाय बोट दाखवून दिवसातून १० वेळा मागणे’ हे उद्दिष्ट. आईला बाहेर बसवून दार लावून घेणारं केंद्र टाळा. आठवड्याला पाच सत्रं आणि घरी काहीच नाही, यापेक्षा दोन सत्रं आणि तेच काम घरी रोज, हे मला केव्हाही जास्त मोलाचं वाटतं. तालुक्याहून रोज जा-ये करून मूल आणि आई दोघंही थकतात. पंधरा दिवसांतून एकदा जाऊन शिकून येणं आणि मधल्या काळात चित्रणं पाठवणं, असंही ठरवता येतं.

‘सहा महिन्यांत बरा करतो’ म्हणणाऱ्याकडून उठून या. ऑटिझमच्या मूळ लक्षणांवर औषध नाही. झोप, टोकाची आक्रमकता, फिट यांसाठी औषधं असतात आणि ती डॉक्टर गरज बघून देतात. स्टेम सेल उपचार लाखो रुपये घेऊन विकले जातात. देशाच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांपलीकडे स्टेम सेलचा वापर नोंदणीकृत संशोधन-चाचणीबाहेर करता येत नाही. चिलेशनने, म्हणजे औषध देऊन शरीरातले धातू बाहेर काढण्याच्या उपचाराने, मुलांचे जीव गेले आहेत. गहू-दूध बंद करण्याने आधीच चार पदार्थ खाणारं मूल दोन पदार्थांवर येतं. वेखंड उगाळून चाटवल्याने वाचा येत नाही, जास्त पोटात गेलं तर उलट्या होतात. जिभेखालची शीर कापूनही न बोलणारं मूल बोलू लागत नाही. त्या शिरेचा संबंध फार तर उच्चाराशी. आणि लसीमुळे ऑटिझम होतो हे सांगणारा १९९८ चा लेख लॅन्सेट या नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांत असतो. राहिला असेल तर आता देऊन टाका.

हे तुमच्या हातून झालेलं नाही, हेही इथे स्पष्ट लिहिते. गरोदरपणात तुम्ही नोकरी केली म्हणून नाही, घरात कमी माणसं आहेत म्हणून नाही. ऑटिझमचं मूळ मुख्यतः जनुकांत आणि जन्माआधीच्या मेंदूच्या घडणीत असतं. निदान पक्कं झालं तर पुढच्या भावंडातही शक्यता वाढते, साधारण दहात एक ते पाचात एक. त्यामुळे धाकट्याचं निरीक्षण पहिल्या वर्षापासून करा.

कागदपत्रं

निदानानंतर घाई नाही, पण टाळूही नका. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये ज्या २१ प्रकारांची नोंद आहे त्यात ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, वाचादोष, अध्ययन अक्षमता हे सगळे आहेत. यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, ऑनलाइन अर्ज करून जिल्हा रुग्णालयात तपासणी होते. ऑटिझमचं प्रमाण इसा या ४० मुद्द्यांच्या मापनावर ठरतं: ७० च्या खाली ऑटिझम नाही, ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्यावर तीव्र. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो, त्यात थेरपीचाही समावेश असतो, मर्यादा वेगळी. प्राप्तिकराच्या जुन्या करप्रणालीत वडिलांना ७५,००० रुपयांची, तीव्र अपंगत्वात १,२५,००० रुपयांची वजावट घेता येते. प्रमाणपत्र काढलं म्हणजे शाळेचं दार बंद होतं असा समज आहे. खरं तर ४० टक्के किंवा जास्त प्रमाण असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क याच कायद्याने दिला आहे.

अंगणवाडी किंवा बालवाडीत पाठवायला हरकत नाही, पण ‘शाळेत गेला की बोलेल’ म्हणून तीस मुलांच्या गोंगाटात सोडू नका. पहिला महिना रोज एक तासच, तोही मुलं कमी असताना. त्याची बसायची जागा दारापासून आणि घंटेपासून लांब, रोज तीच. ताईंना अर्ध्या पानावर लिहून द्या: हाक मारताना समोर येऊन मारा, एका वेळी एकच सूचना द्या, कान झाकले तर पाच मिनिटं बाहेर न्या, पाणी हवं असेल तेव्हा हा पत्ता देतो. आणि तो पत्ता डब्याच्या पिशवीला दोरीने बांधून द्या.